पन्नास पेन्सचं तिकीट, पाचशे पौंडांची उधारी आणि माझी लेक



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. जानेवारी संपला, क्लायंट्सचे टॅक्स रिटर्न्स भरून झाले, म्हणून आता मनातलं लिहायला वेळ मिळालाय.

डिसेंबरात सहज लेकीच्या बँक खात्यावर नजर टाकली. वय वर्षे सोळा, इयर ट्वेल्व्ह. दर शनिवारी बेकरीत उभं राहून कमावते. तीन महिन्यांत नऊ कॉन्सर्टची तिकिटं आणि चार रेकॉर्डी! आमच्या घरात तर रेकॉर्ड प्लेअरसुद्धा नाही. बँडची नावं मी जन्मात ऐकलेली नव्हती. मॅथ्सची मॉक तोंडावर आलेली. माझा पारा चढला आणि तोंडातून गेलं, "अगं, असल्या पबमागच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये आपल्या लोकांचं काय काम?"

ती भांडली नाही. तिने फोनवर एक गाणं लावलं आणि म्हणाली, "आई, हे कोणावर आहे ते ऐक." गाणं इंग्रजी, आणि त्यात चक्क आशा भोसले! मी सांगलीची. आशाताईंचा जन्मही सांगलीचा. मी गप्प बसले.

त्यानंतरच्या सुट्टीत हा सगळा इतिहास वाचून काढला. 'इंडी' म्हणजे इंडिपेंडंट, एवढं माहीत होतं. पण कशापासून इंडिपेंडंट? तर हा प्रश्न सुरांचा कमी आणि हिशेबाचा जास्त निघाला. म्हणजे माझ्याच प्रांतातला.

सुरुवात आमच्याच मँचेस्टरची. ४ जून १९७६. फ्री ट्रेड हॉलच्या इमारतीतलं वरचं छोटं सभागृह. बोल्टनच्या कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांनी, हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांनी, लंडनहून सेक्स पिस्टल्स या बँडला बोलावलं होतं. तिकीट पन्नास पेन्स. आले जेमतेम चाळीसेक लोक. पण त्या चाळिसांतल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे बँड काढले. जॉय डिव्हिजनचे पीटर हुक आणि बर्नार्ड समनर त्यातलेच. त्या इमारतीत आता हॉटेल आहे. आमच्या ऑफिसचं ख्रिसमस डिनर एकदा तिथेच झालं होतं. मी जिना चढून गेले आणि उतरून आले, मला पत्ताच नाही!

तोवर रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपनीचा करार हवा. स्टुडिओ, छापणारा कारखाना, दुकानांपर्यंत माल पोचवणारी यंत्रणा, सगळं त्यांच्या हातात. डिव्होटो आणि शेलीच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाची छोटी रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती. त्या हातोहात गेल्या, आणि शेवटी आकडा सोळा हजारांवर गेला.

पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी नावाच्या बँडने तर कमाल केली. रेकॉर्डच्या कव्हरवरच खर्चाचा तपशील छापला: स्टुडिओ, मास्टरिंग, छपाई, लेबलं. म्हणजे 'बघा, एवढेच लागतात, तुम्हीही करू शकता.' वीस वर्षं सीए म्हणून काम करतेय, कॉस्ट शीट पाहून गहिवरून येण्याची ही पहिलीच वेळ.

रेकॉर्ड छापली, पण विकायची कुठे? लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली 'रफ ट्रेड' हे दुकान उघडलं, १९७८ पासून ते स्वतःही रेकॉर्डी काढू लागले. खर्च वजा जाता नफा निम्मा बँडचा, निम्मा कंपनीचा. मग वेगवेगळ्या शहरांतल्या तशाच दुकानांनी मिळून 'द कार्टेल' नावाची वितरणाची साखळी उभी केली. जानेवारी १९८० मध्ये इंडीचा वेगळा चार्ट सुरू झाला. त्याचा निकष काय, तर मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आलेली रेकॉर्ड. गाण्याचा बाज कसा, याच्याशी संबंध नाही! त्यामुळे काही वर्षांनी कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणीसुद्धा इंडी चार्टात झळकली. लेकीला हे सांगितलं तर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता तोट्याची बाजू. इथल्याच फॅक्टरी रेकॉर्ड्सने १९८२ मध्ये हॅसिएंडा हा क्लब काढला. कंपनीचं तत्त्व असं की गाणी कलाकारांच्या मालकीची. तत्त्व उत्तम, खर्चावर ताबा नाही. १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली. रफ ट्रेडचं वितरण त्याआधीच, १९९१ मध्ये कोसळलं होतं. धंदा झपाट्याने वाढला, पण रोकड पुरली नाही. अशा केसेस आम्ही रोज बघतो.

आणि 'आपल्या लोकांचं काय काम?' या माझ्या प्रश्नाचं काय? तो प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. हे जग बरंचसं गोरं होतं. १९९२ मध्ये द स्मिथ्सचा माजी गायक मॉरिसी लंडनच्या एका मोठ्या कार्यक्रमात युनियन जॅक अंगावर घेऊन वावरला, तेव्हा बराच वाद झाला. त्याच वर्षी त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात एका नवख्या बँडने त्याचं पोस्टर जाळलं. त्या बँडचं नाव कॉर्नरशॉप. एशियन म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, ही इथली चेष्टाच त्यांनी पाटीवर लावली. म्होरक्या टिजिंदर सिंग, वुल्व्हरहॅम्प्टनचा पंजाबी मुलगा. त्याने १९९७ मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' काढलं: आशाताई, आणि ४५ आरपीएमच्या छोट्या रेकॉर्डींबद्दलचं प्रेम. लताबाई आणि रफीसाहेबही त्यात आहेत. फेब्रुवारी १९९८ मध्ये नॉर्मन कुकने केलेलं त्याचं रीमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी एका आपल्याच मुलाने या खोलीत जागा करून ठेवली होती, आणि मी माझ्या लेकीला दारातूनच परत बोलावत होते.

मी तिला सांगितलं, "मॉकची काळजी होती ती खरी. पण ते वाक्य चुकीचं होतं." ती म्हणाली, "ओके." सोळाव्या वर्षी एवढंच मिळतं, घ्यायचं.

गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर गेले. कानात इअरप्लग, उभी सगळ्यात मागे. बारा पौंडांचं तिकीट, अंदाजे शंभर माणसं. सवयीने मनात आकडेमोड केली: जागा, साउंडवाला, सिक्युरिटी, व्हॅनचं पेट्रोल. पोरांच्या हातात फारसं काही उरत नसणार. गाणं संपल्यावर ड्रमर स्वतःच टेबलामागे टीशर्ट विकायला उभा राहिला. ब्रिटनमध्ये एकट्या २०२३ सालात अशा १२५ छोट्या जागा बंद पडल्या किंवा तिथलं लाइव्ह संगीत थांबलं. त्या वर्षी उरलेल्यांचा सरासरी नफा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. कुठलाही क्लायंट असे आकडे घेऊन आला तर मी त्याला दुकान बंद करायचा सल्ला देईन. म्हणजे लेकीचे बेकरीतले बारा पौंड कुठे जातात, ते मला आता कळलं. ती उधळपट्टी नाही.

घरात नियम ठरलेत. महिन्याला दोन कॉन्सर्ट, परीक्षेआधी तीन आठवडे बंद, शेवटची ट्रॅम चुकवायची नाही, फोन चार्ज हवा. बजेट तिने स्वतः मांडलं, मी फक्त तपासलं. एक बेरीज चुकली होती, ती तिला परत करायला लावली.

तुमच्याकडे काय चाललंय? मुलं कुठल्या बँडमागे आहेत, आणि तुम्ही कधी सोबत गेलात का? जरूर लिहा. आणि हो, जुना चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर कोणाला द्यायचा असेल तर कळवा. चार रेकॉर्डी वाट बघतायत.