भूकंपाच्या साली

आमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९६६. ही तारीख हेडमास्तरांनी दिलेली. जून १९७२ मध्ये थोरल्या भावाचे बोट धरून आम्ही शाळेत गेलो, तेव्हा सहा वर्षे पुरी झालेली दिसावीत म्हणून त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि तारीख लिहून टाकली. आमच्या वर्गात त्या दिवशी जन्मलेली बारा-तेरा मुले होती. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत १ जूनला जेवढी माणसे जन्मली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच दिवशी जन्मली नसतील.

आईचा हिशेब वेगळा. तिच्या मते आम्ही भूकंपाच्या साली, रमजानात, भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी जन्मलो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. हिजरी सन १३८७, आठवा की नववा रोजा. घाटाखाली आमच्या चिपळूणकडच्या गावात बाया सेहरीच्या भाकऱ्या थापत होत्या. फळीवरची भांडी चुलीवर कोसळली, भिंतीला भेग पडली. घरात निजायची कुणाची हिंमत होईना, म्हणून अंगणात मांडव घातला. त्या मांडवात सुईणीच्या हातून आमचा जन्म झाला. म्हणजे तारीख निघते १४ डिसेंबर १९६७.

घाटापलीकडे कोयनानगरची बहुतेक घरे पडली होती, १८० च्या आसपास माणसे गेली होती. बुजुर्ग म्हणाले, आपल्या गुनाहांची सजा. शास्त्रज्ञांनी बोट दाखवले ते धरणाकडे. १९६२ मध्ये जलाशयात पाणी साठू लागले, तेव्हापासूनच तिथे लहान लहान धक्के बसत होते. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभर आज कोयनेचे नाव घेतात. त्याचा अभ्यास करायला त्या भागात तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. कोयनेच्या पाण्यावरची वीज आमच्या तालुक्यातल्या पोफळीत तयार होऊन मुंबईला जात होती. आमच्या घरात मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे चिमणीच होती.

त्याच १९६७ च्या मे महिन्यात डॉ. झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले. जूनमध्ये पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले. मोहल्ल्याच्या ध्यानात राहिला तो भूकंपच.

आमच्या घरावर खरा परिणाम केला तो मात्र त्या साली झालेल्या एका कायद्याने, आणि त्याची कुणाला खबरही नव्हती. तोवर पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. एप्रिल १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरवला आणि जूनमध्ये पासपोर्टचा कायदा आला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि कोकणातले मोहल्ले पुरुषांवाचून ओस पडू लागले. आमचे वडीलही दुबईला गेले. गंमत अशी की, आमच्या जन्माच्या जेमतेम दीड वर्ष आधीपर्यंत तिकडे आपलाच रुपया चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी खास नोटा छापत असे. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन काढले; जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा दुबई-कतारनेही तो सोडला. दहा वर्षांत आमची माणसे त्यांचे चलन मिळवायला तिकडे रांगा लावू लागली. वडिलांच्या पासपोर्टवरची जन्मतारीख अर्ज भरून देणाऱ्याने घातली होती. ती त्यांना पाठ करावी लागली.

आम्ही पुढे शिक्षक झालो. खरे सांगायचे तर सुरुवातीच्या वर्षांत दोन-तीन पोरांच्या नावापुढे आम्हीही १ जूनच लिहिला. समोर उभ्या बाईला रोजा आठवत होता, चांद आठवत होता. आमच्या रजिस्टरात त्याला रकाना नव्हता. त्याची फेड पुढे झाली. कागदाप्रमाणे अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून ३१ मे २०२४ रोजी आम्हाला निरोपाचा नारळ मिळाला. आईच्या हिशेबाने आमची नोकरी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. एकोणीस महिन्यांचा पगार हेडमास्तरांच्या त्या बोटांवर गेला. पण तक्रार कुठे करणार? साक्षीदार एकच, आणि ती निरक्षर.

२०१९ च्या अखेरीस नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली, तेव्हा मोहल्ल्यात पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. आमच्याही घरात दाखले, रेशनकार्डे, सातबारे चटईवर पसरले होते. आईजवळ काहीच नव्हते. ती रामदास बोट बुडाली त्या साली, रमजानच्या तोंडावर जन्मली. बोट बुडाली १७ जुलै १९४७ रोजी. आधार कार्डावर तिची तारीख ०१/०१/१९५० आहे. चटईवरच्या तारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि शिक्षक म्हणून सगळे आमच्या तोंडाकडे पाहत होते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आई मात्र निवांत होती. गावात कोण कधी जन्मले हे विचारायला लोक आजवर तिच्याकडेच येत आले होते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत जायला, मतदार व्हायला, सरकारी नोकरी धरायला जन्मदाखला हाच एक पुरावा आहे. आमची नात त्यानंतरची. तिचा दाखला चौकोनी ठिपक्यांच्या शिक्क्यासह मोबाइलवर आला. आम्ही तो आईला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, त्या दिवशी चांद कितवा होता?