बावीस नंबरचे जवान आणि माळेचे मणी

केशोरीहून गोठणगावच्या वाटेला लागले की धानाच्या बांध्यांपलीकडे रंगीत प्रार्थनापताका दिसतात. नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ साली इथे, झाडीपट्टीत वसली. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकणारे तिबेटी आपल्या ओळखीचे. त्यांच्यातल्या सैनिकांची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. मी तिकडे वळलो तो एका अमेरिकी शोधनिबंधामुळे.

२०१८ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त जिल बोरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लष्करी सेवेतल्या आघाताने पीटीएसडी जडलेले १७३ माजी सैनिक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले होते. एका गटाला रोजच्या अडचणींवर बोलण्याची समुपदेशन-पद्धत, दुसऱ्याला मंत्रजप. दोन्हीकडे आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक. त्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा जपाच्या गटातले ५९ टक्के आणि समुपदेशनाच्या गटातले ४० टक्के लोक पीटीएसडीच्या व्याख्येबाहेर आले होते. जपवाल्यांची झोपही अधिक सुधारली. या आकड्यांनी हुरळून जायचे कारण नाही. तुलना सर्वांत जोरकस उपचाराशी नव्हती, आणि दोन महिने हा आयुष्याच्या मानाने अल्प काळ. तरी नामस्मरणावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात चिठ्ठी टाकून गट पाडण्याची शिस्त कुठे असते?

गंमत अशी की या जपाचे मूळ विदर्भातून गेले आहे. बोरमन यांनी पद्धत घेतली एकनाथ ईश्वरन यांच्याकडून. केरळात जन्मलेले ईश्वरन नागपूर विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते गांधीजींना भेटले होते, आणि बापूंचे रामनाम हा त्यांच्या शिकवणीतला आवडता दाखला होता. १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियात स्थिरावले. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेतला शब्द निवडावा आणि रांगेत उभे असताना, झोप येत नसताना तो मनात घोळवावा, इतकी साधी त्यांची रीत. पुढे २०१६ च्या एका कायद्याने अमेरिकेच्या माजी सैनिक विभागावर पूरक उपचारांचे संशोधन आणि विस्तार करण्याची जबाबदारी आली. आपल्याकडे मे २०२२ पासून ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू झाली; त्यांत कामठीही आहे.

आता ते जवान. चीनच्या युद्धात, १४ नोव्हेंबर १९६२ रोजी, तिबेटी निर्वासितांची एक गुप्त फौज उभारली गेली. तळ चक्राता, नाव ‘इस्टॅब्लिशमेंट २२’. तिबेटी माणसे तिला ‘टू-टू’ म्हणतात. पहिले प्रमुख सुजानसिंग उबान यांनी पूर्वी २२ माउंटन रेजिमेंटचे नेतृत्व केले होते, त्यावरून हा आकडा आला. ही फौज सेनादलाची नव्हे, मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीतली. १९७१ मध्ये तिचे सुमारे तीन हजार जवान चितगावच्या डोंगरांत उतरले. भारताचा हात दिसू नये म्हणून बंदुका बल्गेरियन बनावटीच्या दिल्या होत्या. ५६ जण मारले गेले, १९० च्या आसपास जखमी झाले. युद्ध दुसऱ्याच देशाचे, आणि पदके नाहीत, कारण अधिकृतरीत्या ते तिथे नव्हतेच. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखमध्ये न्यिमा तेनझिन सुरुंगस्फोटात गेले, तेव्हा कुठे लेहमध्ये भारताचा आणि तिबेटचा असे दोन्ही ध्वज पांघरून जाहीर अंत्ययात्रा निघाली.

इथे माझ्या मनात दोन धागे जुळले. युद्धाच्या आघातावरचे प्रमुख पाश्चात्त्य उपचार माणसाला घडलेले पुन्हा सांगायला लावतात. ज्याला सांगायचीच मनाई होती, त्याने काय करावे? बोरमन यांच्या पद्धतीत आघाताची कथा सांगावी लागत नाही, जप पुरतो. तिबेटी वैद्यकही कथेपाशी थांबत नाही. वैद्य नाडी पाहतो, मूत्र तपासतो, आणि बेचैनी, धडधड, उडालेली झोप यांना ‘सोग-लुङ’ म्हणतो, म्हणजे प्राणवायूचा प्रकोप. आपल्याला हे परके वाटू नये. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ अकराव्या शतकात रिन्चेन झाङ्पो यांनी तिबेटीत नेले होते. याच परंपरेचे वैद्य अतिरेकी ध्यानानेही सोग-लुङ वाढतो असा इशारा देतात, हे ध्यानाच्या प्रचारकांनी ऐकण्यासारखे आहे. २०१० साली भारताने कायद्यात दुरुस्ती करून ‘सोवा-रिग्पा’ या नावाने हे वैद्यक मान्य केले.

वसाहतीत एक निवृत्त जवान भेटले. चितगावबद्दल विचारले की ते हसत आणि माळेचा पुढचा मणी ओढत. मी तीन वेळा विचारले, मग सोडून दिले. त्या जपाने त्यांना झोप लागते का, हे विचारले तेव्हा मात्र त्यांनी लगेच सांगितले: काही रात्री लागते.

ज्या जपाची मोजदाद अमेरिकेत झाली, तो इथे पन्नास वर्षे चालू आहे. पण मोजायला आधी यादी लागते, आणि या माणसांची नावे गुप्त ठेवणे हीच त्यांची नोकरी होती. मौनाला मानवणारा उपचार सरकारलाही सोयीचा असतो, ही शंका मला सोडत नाही. १९७१ ला विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.