एकवीस धावांचा भाऊ



सुरतेत आपली मुले जातात त्या शाळेत माजी खेळाडूंचा मानफलक लागणार आहे. नावे फक्त पदकवाल्यांची, की सबंध संघाची, यावर पालकसभेत वाद झाला. आम्हांला विजय हजारे आठवले.

१९१५ साली सांगलीत, मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म. पुढे ते बडोद्याचे झाले, म्हणजे आपले शेजारीच. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. १९६० साली पद्मश्री मिळाली. आज त्यांच्या नावाने स्पर्धा भरते.

पण डिसेंबर १९४३ मधला पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना पाहा. मुंबईचे ब्रेबॉर्न मैदान, समोर हिंदूंचा संघ. हजारे ‘रेस्ट’कडून खेळत, बाकीच्या चार संघांत न बसणारे ख्रिस्ती, ज्यू वगैरे त्यात असत. फॉलोऑननंतर पाच गडी झटपट गेले. मग विजय आणि धाकटा भाऊ विवेक यांनी ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेकच्या धावा २१! तो नुसता उभा राहिला, तासन् तास. संघाच्या ३८७ पैकी विजयच्या ३०९ झाल्या. सामना तरीही डावाने गेला.

मोशेचे हात धरून ठेवणारे अहरोन आणि हूर आपण रविवारच्या वर्गात शिकवतोच. (हूरचे नाव मुले हमखास विसरतात.)

फलकाचे माप अजून दिलेले नाही. संघांसाठी खाली दोन हात जागा सोडा, असे आम्ही शाळेला लिहून कळवले आहे.