घरकुलाच्या कागदावर बाईचं नाव

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, घरकुल माझ्या नावानं मंजूर झालंय, मग घरपट्टीची पावती सासऱ्याच्या नावानं का येते?" बैठकीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "पैसे भरायला सासराच बरा की गं." मला मात्र हसू आलं नाही. याच प्रश्नात माझ्या मावशीची अकरा वर्षं गेली. ते नंतर सांगते. आधी घरकुलाच्या कागदावर बाईचं नाव आलं कुठून, ते बघू.

आपण कुठल्याही सरकारी घराला घरकुल म्हणतो. पण या योजनेचा जन्म घरासाठी झाला नाही, तो मजुरीसाठी झाला. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामं निघाली, आपल्या सासवांनी तेव्हा खडी फोडली, हे तुम्ही घरी ऐकलंच असेल. पुढं केंद्र सरकारनं 1980 मध्ये आणि 1983 मध्ये खेड्यातल्या मजुरांसाठी असेच कार्यक्रम काढले. रस्ते, विहिरी यांच्याबरोबर गरिबांची घरं बांधणं हेही त्यातलं एक काम होतं. त्यातूनच 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना निघाली. ती फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि सुटका झालेल्या वेठबिगारांसाठी होती. इतर गरिबांना 1993-94 पासून घेतलं, आणि 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली.

त्या योजनेच्या नियमांत दोन गोष्टी अशा होत्या, की ज्यानं कोणी त्या लिहिल्या त्याला आपल्या घरची परिस्थिती माहीत असावी. एक, घर घरातल्या बाईच्या नावानं द्यायचं, नाहीतर नवरा-बायको दोघांच्या नावानं. दुसरी, ठेकेदार घालायचा नाही, ज्याचं घर त्यानं बांधायचं. जागा किमान वीस चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतच. त्याबरोबर संडास आणि बिनधुराची चूल. चूल किती घरांत पेटली ते विचारू नका. संडासात सरपण रचलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ठेकेदार नको, हे आमच्या लातूरकडच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त पत्र्याचा शेड आणि दुपारी त्यात अंगाची होणारी लाही.

जी गावं पार पडली ती दुसरीकडं नव्यानं वसवली. घरं तीन मापांची होती : अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. ज्याची जमीन जास्त त्याचं घर मोठं. भूमिहीनाला अडीचशे. रस्ते सरळ, रुंद, घरं एकमेकांपासून सुटी. बायका म्हणायच्या, पूर्वी भिंतीवरून हाक मारली की मीठ-मिरची मिळायची, आता रस्ता ओलांडायचा. गुरं बांधायला, कडबा ठेवायला जागा कुठं, हे घर आखताना कोणी विचारलंच नव्हतं.

पण त्याच भूकंपानंतर दुसरंही एक काम झालं, त्याचं नाव फार कोणी घेत नाही. ज्या गावांत घरं पडली नव्हती पण तडे गेले होते, तिथं दीड लाखाहून जास्त घरं घरमालकांनी स्वतः दुरुस्त करायची होती. पैसे टप्प्याटप्प्यानं मिळणार होते. ते समजावून सांगायला हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांमधल्या बायका नेमल्या, त्यांना संवाद सहायक म्हणायचे. कोपऱ्यात दगड कसा बांधायचा, सिमेंट किती लागतं, हप्ता कधी येतो, हे बायका घरोघर सांगत फिरल्या. इंजिनिअरला अडवून "हे असं का?" विचारायला त्या तिथंच शिकल्या. आज बचत गटाची बाई पंचायत समितीत खुर्ची ओढून बसते, तिची सुरुवात आमच्या भागात तरी तिथून झाली असं मला वाटतं.

नावाकडं वळते. बाईच्या नावाची मागणी फक्त दिल्लीहून आली नाही. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. गावोगाव पुरुषांनी ते केलं, हे आज सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत. मग 2003 मध्ये राज्य सरकारनं 'घर दोघांचे' हा निर्णय घेतला : ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करायची.

इथं नीट लक्ष द्या. घरकुलाची यादी वेगळी आणि नमुना आठ वेगळा. यादी योजनेची असते. आधी ती दारिद्र्यरेषेची यादी होती, मग 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणावरून आली, आणि त्यात सुटलेल्यांसाठी 2018 मध्ये आवास प्लसचं सर्वेक्षण निघालं. 2011 नंतर वेगळी चूल मांडलेल्या किती सुनांची नावं त्या पहिल्या यादीत नव्हती, ते तुम्हीच मोजा. नमुना आठ मात्र ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. यादीत तुमचं नाव आलं म्हणून नमुना आठमध्ये ते आपोआप चढत नाही. भिंतीवर योजनेचं, वर्षाचं आणि तुमचं नाव रंगवतात, त्या पाटीला तर कोर्टात कोणी विचारत नाही.

2016 पासून इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजनेनं घेतली. 2016 च्या नियमानं घर किमान पंचवीस चौरस मीटर, सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये, शिवाय रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी आणि संडासाचे बारा हजार वेगळे. पैसे खात्यावर, बांधकामाचा प्रत्येक टप्पा फोटोत. नाव बाईचं किंवा दोघांचं, हा नियम तोच राहिला. वाळूचा भाव मात्र नियमात बसत नाही, म्हणून जोत्यापर्यंतचा खर्च आपल्या गटाच्या कर्जातून होतो, हे तुमच्या वह्या सांगतील. आणि आत राहायला गेल्यावर स्लॅब एप्रिलमध्ये असा तापतो की दुपारी बाया दारातल्या लिंबाखालीच. जवळजवळ प्रत्येक घरकुलापुढं पत्र्याचा ओटा दिसतो, कारण स्वयंपाक आत होत नाही.

आता मावशीचं. तिला 1999 मध्ये इंदिरा आवासचं घर मिळालं, तिच्याच नावानं. वीस हजार रुपये सरकारचे, बाकी तिचे आणि काकांचे कष्ट. घर उभं राहिलं सासऱ्याच्या गावठाणातल्या जागेवर. 2011 मध्ये काका वारले. वर्षश्राद्ध झालं आणि दीर म्हणाले, "वहिनी, जागा बाबांची आहे, तुम्ही आता लेकीकडं राहा." नमुना आठचा उतारा काढला तर मालक म्हणून सासरा, तेव्हा वारून सहा वर्षं झालेला. मावशीचं नाव कुठंच नाही. ग्रामपंचायतीत सांगितलं, तुमच्या घराचा कागद आमच्याकडं नाही.

कागद होता. मंजुरीचा आदेश मावशीनं लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला होता, ट्रंकेच्या तळाशी. ती शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण शिक्का ओळखत होती. तो घेऊन ती किती वेळा गेली याचा हिशोब तिनं कधी सांगितला नाही. एकदा सरपंच बदलले, एकदा ग्रामसेवक, एकदा अर्जच हरवला. शेवटी तिच्या गटातल्या बाया ग्रामसभेत एकत्र बसल्या आणि विषय पत्रिकेवर घ्यायला लावला.

2022 मध्ये नवा उतारा आला. नमुना आठमध्ये दोन रकाने असतात, एक मालकाचा, एक भोगवटा करणाऱ्याचा. मावशीचं नाव भोगवट्याच्या रकान्यात आहे. मालकाच्या रकान्यात अजून सासराच. म्हणजे घरात ती राहते हे कागदानं मान्य केलं, जागेत काकांचा वाटा तिच्याकडं आला हे अजून लिहायचं आहे. वारस नोंदीचा अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. ती पोचही शालूच्या घडीतच ठेवली आहे.