जतचे माळरान व मृदासंधारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

डफळे घराण्याचे जत संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पर्जन्यछायेतील या माळावर मुरमावरचा मातीचा थर पातळ असून, पवना, मारवेल यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळे तो धरून ठेवतात. अतिचराईने ही गवते हटतात, कुसळी माजते आणि वळवाच्या सरींत उघडी माती ओढ्यास मिळते.

मुंबई प्रांतात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीस चालना दिली होती. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमी योजनेने तिला मजूर पुरविले. मजुरी मात्र खोदलेल्या मातीच्या मापावर मिळे. पेरलेल्या गवताचे माप कोण घेणार? परिणामी बांध उभे राहिले, त्यांमधील माळ धुपतच राहिला.

सांगली जिल्ह्यातच सागरेश्वरच्या ओसाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून वनराई उभी राहिली व १९८५ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले. जतला हा मार्ग जसाच्या तसा लागू पडत नाही. येथील मेंढपाळ धनगरांची उपजीविका माळावरच असल्याने सरसकट चराईबंदीचा पहिला भार त्यांच्यावर पडेल. गवत पेरून कुरणाचे तुकडे आळीपाळीने बंद ठेवणे आणि बंद तुकड्यातील गवत कापून नेण्याचा हक्क मेंढपाळांना देणे, हेच येथे अधिक व्यवहार्य ठरते.