जुळवलेला बाजार : मुंबईतील व्यापाऱ्यांची आरंभीची कृष्णधवल छायाचित्रे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत काढलेल्या व्यापाऱ्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांकडे त्या काळच्या बाजाराचा साक्षात पुरावा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु या छायाचित्रांचा एक महत्त्वाचा संच, म्हणजे विल्यम जॉन्सन यांचा ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा लंडनहून १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ, मुख्यतः जोडचित्रांचा आहे. त्यातील भाटिया, वाणी आदी समाजांच्या आकृती एका ठिकाणी टिपलेल्या आहेत आणि त्यांच्या मागे दिसणारे मुंबईचे दृश्य वेगळ्याच ठिकाणचे आहे.

या ग्रंथाची पूर्वतयारी मुंबईतच झाली होती. १८५४ मध्ये येथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही होते, आणि तिच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक चालवले, ज्याच्या अंकांत प्रत्यक्ष छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या असत. पश्चिम हिंदुस्थानातील पोशाख आणि व्यवसाय यांचे दर्शन घडवणारी चित्रमालिका याच मासिकात सुरू झाली आणि पुढे तिच्यातील बरीच सामग्री ग्रंथात गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूसबाजार उसळला त्या वर्षांत या ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला असला, तरी त्यातील व्यापाऱ्यांच्या मुद्रेवर त्या तेजीची छाया शोधणे व्यर्थ आहे, ते यामुळेच.

व्यापाऱ्याला त्याच्या पेढीवरच का टिपले नाही, याचे उत्तर प्रथम रसायनात आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरून, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि ती वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, अंधाऱ्या जागेत नेऊन तिच्यावरील प्रतिमा प्रकट करावी लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडत असे. शिवाय प्रकाश भरपूर असला तरी प्रकाशनाला, म्हणजे काचेवर उजेड पडू देण्याला, काही सेकंद लागत, त्यामुळे सावलीने भरलेल्या गल्लीत चालते हमाल, बैलगाड्या आणि गिऱ्हाइके यांचे केवळ धुरकट ओरखडे उमटले असते. बाजाराचे बाजारपण ज्या हालचालीत असते, ती टिपणे त्या काचेच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून माणसांना उघड्या अंगणात किंवा चित्रशाळेत बोलावून, बसवून, स्थिर राहायला सांगून टिपणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

त्यानंतर खरे संपादन सुरू होई. अशा जोडणीच्या दोन रीती छायाचित्र-व्यवसायात रूढ होत्या. एका रीतीत आकृतीभोवतीचा काचेचा भाग काळ्या रंगाने किंवा कागदाने झाकून आकृती छापली जाई आणि मग तिला झाकून दुसऱ्या काचेवरील दृश्य त्याच कागदावर उतरवले जाई. दुसरीत छापलेली आकृती कात्रीने कापून दुसऱ्या चित्रावर चिकटवून त्या जोडाचे पुन्हा छायाचित्र घेतले जाई. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप असे आणि छपाई उन्हात होत असल्याने प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर घडे. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक काचांतून एक चित्र सिद्ध केले होते, आणि पुढील वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच काचांतून दुसरे. मात्र ती चित्रे कल्पनाचित्रे म्हणून मांडली गेली, तर मुंबईची चित्रे वस्तुस्थिती म्हणून.

जोडाची खूण सराईत डोळ्याला सापडते: आकृतीवर उजेड एका बाजूने येतो आणि मागच्या इमारतीवर दुसऱ्या, पायांखाली सावली अपुरी असते, कडा अवाजवी तीक्ष्ण दिसतात. रंगांच्या बाबतीतली फसगत अधिक सूक्ष्म आहे. कलोडियनला निळा प्रकाश चटकन जाणवे, लाल जवळपास जाणवतच नसे, त्यामुळे लाल पगडी काळी आणि निळे आकाश कोरे पांढरे उमटे. कातडीचा वर्णही प्रत्यक्षाहून गडद दिसे. कृष्णधवल प्रतीवरून त्या काळच्या पगडीचा रंग किंवा माणसाचा वर्ण ठरवू पाहणारा अभ्यासक येथे हमखास घसरतो.

तंत्राच्या मर्यादेएवढेच कारण हेतूतही होते. जातिसमूहांचा सचित्र परिचय करून देणाऱ्या या ग्रंथाला ‘भाटिया’ हा नमुना हवा होता, अमुक पेढीचा अमुक मालक नव्हे. म्हणून वजनकाटा, गोण्या आणि घासाघीस गळून पडली आणि पोशाख, पगडी व बैठक उरली. ही सर्वस्वी तांत्रिक अपरिहार्यता नव्हती, हे जॉन थॉमसन आणि अडॉल्फ स्मिथ यांच्या ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ (१८७७–७८) या ग्रंथावरून दिसते. तेथेही फेरीवाल्यांना स्थिर उभे केले होते, पण त्यांच्याच रस्त्यावर, आणि सोबतच्या मजकुरात त्यांच्या मिळकतीची, मालाची व अडचणींची माहिती दिली होती.

पुढे कोरड्या काचा आल्या, प्रकाशनाचा अवधी घटला आणि काचेवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसणारे रिटचिंग शहरोशहरीच्या स्टुडिओंत नित्याचे झाले. आरंभीच्या संचाचे प्रदर्शन करणाऱ्या संस्थांनी मात्र चित्राखाली केवळ ‘मुंबईतील व्यापारी’ असे न लिहिता ‘दोन काचांतून जुळवलेले चित्र’ अशी नोंद करणे आवश्यक आहे.