दंडाच्या पावतीची कुळकथा

तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो. गाव नमुना १-ई मात्र फार थोड्यांच्या कानावर आलेला असतो. ही अतिक्रमणांची नोंदवही. सरकारी जमिनीत कोण शिरलं, किती शिरलं, कशासाठी आणि केव्हापासून, हे तलाठ्यानं तिच्यात लिहायचं असतं. पुढचं काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ५० करतं: कसल्याबद्दल सारा भरा, वर दंड भरा आणि जमीन सोडा. शेतीसाठी केलेल्या अतिक्रमणाला दंड पाच रुपयांपासून हजार रुपयांपर्यंत. तो भरला की पावती फाडून हातात मिळते.

मुरुड, ढोकी, कळंब, केज, अंबाजोगाई या सगळ्या पट्ट्यात गायरान कसणाऱ्या घरांनी ही पावती जपली, आणि पुढं ती जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून सरकारपुढं ठेवली. सरकारनं गुन्ह्याबद्दल दिलेला कागद, सरकारकडंच हक्क मागायला. नागरी हक्कांच्या लढ्यातलं मराठवाड्याचं हे स्वतःचं तंत्र आहे असं मी मानतो. त्याचा जन्म एका जातीच्या चळवळीत झाला आणि मग ते एकामागून एक दुसऱ्यांच्या हाती गेलं. ही त्याचीच हकीकत.

तिचं मूळ निजामाच्या महसुली कारभारात सापडतं. हैदराबाद संस्थानात जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. परवानगीशिवाय कसलेल्या सरकारी जमिनीला तिथल्या महसुली बोलीत ‘शिवायजमा’ म्हणत. ठरलेल्या जमेच्या शिवाय आलेली वसुली, असा हिशेब. राज्याला महसूल हवा होता, त्यामुळं अशी वहिवाट पुष्कळदा दंड घेऊन चालू दिली जाई आणि कधी ती पट्ट्यात बदले. शेवटच्या वर्षांत निजाम सरकारनं मागास जातींना पडीक सरकारी जमीन द्यायचे ‘लावणी’चे नियमही काढले. थोडक्यात, दंड भरत राहणारा माणूस कधीतरी खातेदार होऊ शकतो, हे ज्ञान या मुलखात जुनं होतं. पण ज्याला चावडीवर उभं राहता येई, त्यालाच ते उपयोगी पडे.

चावडीवर उभं राहण्याची गोष्ट १९४१ साली मुरुडच्या उंबरठ्यावर आली. लातूरहून कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळावर मुरुड हे एक ठाणं. त्याच मार्गावरच्या कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. परिषदेचं नाव होतं महार-मांग वतनदार परिषद. त्या नावातला जोड मला महत्त्वाचा वाटतो. गावगाड्यात महार आणि मांग यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यात गावाचा फायदा होता. मान कोणाचा, बलुतं कोणाचं, मेलेल्या ढोराचं कातडं कोणाचं, यावरून दोन्ही वस्त्यांत पिढ्यांचं वैर. इथं दोघांचं दुखणं एकाच मांडवात मांडलं गेलं. वतनाच्या तुकडाभर जमिनीसाठी रात्रंदिवस राबणं आणि तो तुकडाही पोट न भरणारा, हे दोघांचंही होतं.

पुढं वतनं गेली. कुळांच्या कायद्यांनी कुळांना जमिनी मिळाल्या. हैदराबादचा कूळकायदा १९५० चा, त्यातून संरक्षित कुळं मालक झाली. पण जो कूळही नव्हता, जो सालगडी होता, त्याला ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेतून काही मिळालं नाही, कारण तो कसत होता ती दुसऱ्याच्या नावची जमीन आणि तीही मजुरीवर. महारवाड्या-मांगवाड्यांतले बहुतेक लोक याच गटात. मग राहिलं काय? गावाच्या कडेचं गायरान. मुरमाड, खडकाळ, बैल लावला तर फाळ वाकेल असं. पण ते कोण्या एकाच्या नावावर नव्हतं. आपण त्यात पेरलं तर कोणत्या मालकाचं घेतलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

१९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं मराठवाड्यात या जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा खानदेश-नाशिकात नेला. हे दादासाहेब १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले पुढारी; देवळाच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंत एकाच माणसाची वाट आहे, आणि मला ती पूर्ण सरळ वाटते. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही त्यातली मोठी मागणी. लाखोंच्या संख्येनं लोक तुरुंगात गेले, बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. त्या वेळचं हत्यार तुरुंग हेच होतं.

तुरुंगातून माणूस परत येतो तेव्हा पेरणी टळून गेलेली असते. बिगारीवर पोट असलेल्याला हे किती वर्षं परवडणार? म्हणून मराठवाड्यातल्या गावांत हळूहळू दुसरी रीत रुळली. मृगात गायरान नांगरायचं, हायब्रीड किंवा तूर पेरायची, तलाठी आला की दंड भरायचा, पावती घ्यायची, पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यात नेमकी उलटी रीत दिसते. १९६१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या रॉक हिल गावी उपाहारगृहाच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर बसल्याबद्दल काळ्या विद्यार्थ्यांना शंभर डॉलर दंड किंवा तीस दिवस सक्तमजुरी झाली. त्यांच्यातल्या नऊ जणांनी दंड भरायला नकार दिला आणि मजुरी पत्करली. आमचे पैसे अन्यायाच्या तिजोरीत जाणार नाहीत, ही त्यांची भूमिका. त्यांना बाकावर एकदा बसून कायदा मोडायचा होता. इथं मात्र जमीन दरसाल कसायची होती, म्हणून दंड टाळण्यापेक्षा तो नोंदवून घेणं कामाचं ठरलं. दोन्हीकडं स्वाभिमान तितकाच आहे.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून तिचं नाव आलं हे सर्वश्रुत आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९७३ चा तिचा जाहीरनामा. त्यात दलित कोण याची यादी जातीपुरती राहिली नाही. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे तिच्यात आले. कागदावर वर्तुळ एवढं मोठं झालं. प्रत्यक्षात ते मोठं व्हायला आणखी वीस वर्षं आणि पुष्कळ रक्त लागलं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे, सुगावचे जनार्दन मवाडे यांचे खून झाले. पोचिराम मातंग होते. नामांतराला फक्त बौद्धांचा प्रश्न म्हणणाऱ्यांना हे नाव कायम आठवून द्यावं लागतं. विद्यापीठाच्या पाटीवरून चाललेल्या त्या दंगलीत खेड्यांतली चीड जमिनीचीही होती. कालपर्यंत बांधावर उभा राहणारा माणूस गायरानात स्वतःचं पीक काढतो, गावकीची कामं नाकारतो, पोरगं कॉलेजात पाठवतो, हे सोसवत नव्हतं. घरांबरोबर पिकांचीही नासाडी झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी.

त्याच १९७८ च्या अखेरीस, २७ डिसेंबरला, सरकारनं निर्णय काढला: ३१ मार्च १९७८ पर्यंत शेतीसाठी सरकारी पडीक आणि गायरान जमिनीवर झालेली पात्र भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करावीत. मग २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आला, त्यात मागासवर्गीय भूमिहीनांसाठी मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो आरंभाचा दिवस. या दोन कागदांनी पावतीची किंमत बदलून गेली. तारखेआधी तुम्ही ती जमीन कसत होता हे सिद्ध करायला १-ईतली नोंद, दंडाची पावती, पीकपाहणीतला शेरा, नाहीतर अतिक्रमणाबद्दलची नोटीस किंवा खटल्याचं समन्स, यातलं काहीतरी हवं. ज्याच्यावर सरकारनं कधी कारवाईच केली नव्हती, त्याचा पुरावा कोरा राहिला.

इथून तंत्राला खरी धार आली. गावातल्या वजनदारांना हे कळायला वेळ लागला नाही, आणि तलाठी नोंद घेईनासे झाले. मग कार्यकर्त्यांनी अर्ज लिहायला शिकवलं: ‘आम्ही अमुक गटात अतिक्रमण केलं आहे, कृपया पंचनामा करून आमची नोंद घ्यावी.’ अर्ज रजिस्टर पोस्टानं, पोचपावती जपून. तहसीलवर मोर्चा न्यायचा तो दंड लावा म्हणून. पीक उभं असताना पाहणी करा म्हणून. उभ्या पिकात जनावरं सोडली तर त्याचाही गुन्हा नोंदवायचा, कारण त्या फिर्यादीत गट नंबर आणि पीक यांची तारखेसह नोंद होते. आपल्यावरच्या अत्याचाराचा कागदसुद्धा वहिवाटीचा पुरावा करायचा, इतकी ही बुद्धी पुढं गेली. ती कोणा वकिलाची नव्हती. शाळा अर्धी सोडलेल्या माणसांनी चावडीपुढं ताटकळत ती घडवली.

हे संघटितपणे करणाऱ्यांत एकनाथ आवाड यांचं नाव अग्रभागी. बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावचे, पोतराजाच्या घरातले. लोक त्यांना जिजा म्हणत. नामांतराच्या लढ्यातून तयार झालेला हा मांग समाजातला कार्यकर्ता. त्यांनी मानवी हक्क अभियान उभं केलं, पोतराजांच्या जटा कापल्या आणि मराठवाडाभर गायरानधारकांना बांधलं. संघटनेचं नाव त्यांनी जातीवरून ठेवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न पाण्याच्या रूपानं उभा राहिला, त्याला मांग, पारधी, कैकाडी, वडार या सगळ्यांना आपला म्हणता येईल असं नाव ‘मानवी हक्क’ या दोन शब्दांत मिळालं. २५ मे २०१५ ला जिजा गेले.

पारध्यांपाशी पोचल्यावर हे तंत्र अडखळलं. आणि का अडखळावं हे समजून घेण्यासारखं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांची नावं पोलिसांच्या वहीत आली, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हजेऱ्या दिल्या, त्यांना नोंदवहीची दहशत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पोलिसांची नजर गेली नाही. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना ती नजर ठाऊक आहे. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. अशा माणसाला ‘स्वतःहून सरकारला कळव की तू अतिक्रमण केलंस’ असं सांगायचं म्हणजे केवढी गोष्ट! शिवाय रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, गावचा रहिवासी असल्याची नोंद नाही. तिथं आधी दाखल्यांचा लढा द्यावा लागला, मग जमिनीचा.

बायकांचा मुद्दा त्याहून उशिरा आला, आणि तो चळवळीच्या आतून आला. गायरान नांगरायला नवरा, पण दगड वेचायला, खुरपायला, रात्री राखणीला बसायला आणि तहसीलच्या दारात बसायला बाईच असे. नोंद मात्र पुरुषाच्या नावानं. तो मेला किंवा त्यानं टाकलं की तिचा पुरावा संपला. विधवा, परित्यक्ता, ऊसतोडीला जाणाऱ्या एकट्या बायका यांना एकल महिला संघटनेसारख्या संघटनांनी जोडलं, तेव्हा नोंद कोणाच्या नावाची हा प्रश्न मोकळेपणानं विचारला जाऊ लागला. आधीच्या पुढाऱ्यांना तो सुचायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

गायरान गेल्यानं गुरं चारायची कुठं, हा धनगराचा आणि दोन म्हशीवाल्या अल्पभूधारकाचा सवाल खराच आहे. तो कोणी खोटा ठरवू नये. पण चराईचा कळवळा दलिताच्या तुरीच्या वेळीच का येतो, हेही विचारावं लागतं. संस्थांच्या इमारती आणि मोठ्या शेतकऱ्यांचे सरकलेले बांध त्याच गायरानात असतात.

२८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असा आदेश दिला. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात आहे, पण राज्याचा १२ जुलै २०११ चा निर्णय आल्यावर नव्या नोंदींचा रस्ता जवळपास बंद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तेव्हा राज्यात ती दोन लाखांहून अधिक असल्याचं समोर आलं आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्यानंतर २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गायरानं वीज कंपन्यांच्या प्रकल्पांना दिली जाऊ लागली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगलाच आहे. फक्त सरकारच्या लेखी मोकळ्या असलेल्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणी तीस-चाळीस वर्षांची वहिवाट आहे. तिथले लोक आता मोजणीला आलेल्या माणसांपुढं १९८० च्या दशकातल्या, पाच-दहा रुपयांच्या पावत्या घेऊन उभे राहतात, आणि १९९१ च्या निर्णयाप्रमाणं आमचा दावा आधी निकाली काढा असं लेखी मागतात.